पाणी आधी, पासपोर्ट नंतर

पोलीस खात्यात नोकरी केली असं सांगितलं की समोरचा माणूस जरा सरसावून बसतो. त्याला वाटतं, आता बाई दरोडेखोरांच्या पाठलागाची गोष्ट सांगणार. मग मला खरं सांगावं लागतं. खाकी मी कधी घातली नाही. मी होते कारकून, धुळ्याला, परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या टेबलावर. माझ्या हाती हत्यार म्हणाल तर एक रबरी शिक्का होता, आणि त्याचं पॅड उन्हाळ्यात इतकं वाळायचं की दर तासाला पाण्याचे दोन थेंब टाकावे लागत.

पण परवा माझी नात राज्यशास्त्राच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. मोठ्यांदा वाचत होती : देशाची मूल्यं त्याच्या परराष्ट्र धोरणाला आणि सुरक्षिततेला कसा आकार देतात? मी भाजी निवडता निवडता म्हटलं, "मला विचार ना." ती हसली. आजी आणि परराष्ट्र धोरण! तिच्या हसण्यात तिची चूक नाही. त्या टेबलावर बसत होते तेव्हा मलाही ते कळलं नव्हतं. मी तर त्या काळात इतकी बावळट होते की आज मला माझी ती मूर्ती रस्त्यात भेटली तर मी पदर तोंडावर ओढून पलीकडच्या फुटपाथवर जाईन.

आधी काम समजून घ्या. परदेशातून आलेला माणूस जिल्ह्यात मुक्कामाला राहिला, तर त्याची नोंद पोलिसांकडे व्हावी लागते. पण सगळ्यांना एकच नियम नाही. आमच्या कॉलनीतला नेपाळी गुरखा शिट्टी वाजवत हिंडायचा, त्याला काही विचारायचा मला अधिकारच नव्हता. तो शेजारच्या घरचा. लेणी बघायला निघालेला जर्मन थोडे दिवस राहून जायचा, त्याचंही फार काही नसे. पाकिस्तानातून कुणी आलं, तर मात्र चोवीस तासांच्या आत माझ्यासमोर हजर. व्हिसावर ज्या गावाचं नाव असेल त्याच गावात राहायचं, निघताना पुन्हा येऊन सांगायचं. म्हणजे कुठल्या देशाशी आपलं कसं आहे, हे वर्तमानपत्र न उघडता माझ्या रजिस्टरच्या रकान्यांवरून कळायचं.

आमचे हेडक्लार्क होते, त्यांना सगळे नाना म्हणत. शिंदखेडा तालुक्यातले, धोतर सोडून पँटीत आलेले पण चाल धोतराचीच राहिलेली. नानांनी या टेबलासाठी दोन गोष्टी भांडून मिळवल्या होत्या. एक हातांची खुर्ची, आणि एक माठ. बाकीच्या टेबलांपुढे स्टूल असायचं, आमच्यापुढे खुर्ची. नानांचा नियम एकच होता : पाणी आधी, पासपोर्ट नंतर.

नाना काही भोळे नव्हते. एकदा मनाई असताना तापीच्या पुलाचे फोटो काढणारा एक गोरा पोरगा शिपायांनी आणला. नानांनी त्याला खुर्चीत बसवलं, दोन तांबे पाणी पाजलं, उन्हानं लाल झालेल्या मानेवर ओला रुमाल ठेवायला दिला. आणि मग अगदी गोड हसून कॅमेऱ्यातला रोल काढून घेतला. तो पोरगा आभार मानून गेला! मी म्हटलं, "नाना, आभार कसले मानतोय हा?" नाना म्हणाले, "चौधरीबाई, संशय घेणं आपलं काम आहे. अपमान करणं हे काम आपल्याला कुणी दिलेलं नाही. इथून जाणारा प्रत्येक माणूस आपल्या गावी जाऊन बोलतो. ते आपलं रेडिओ स्टेशन."

आणखी एकदा रावेरकडचा एक केळीचा व्यापारी, नानांच्या ओळखीचा, पासपोर्ट नाचवत आला. तेव्हा आपल्या पासपोर्टवर लिहिलेलं असे, सगळ्या देशांसाठी चालेल, दक्षिण आफ्रिका सोडून. त्याला नेमकं तिथेच जायचं होतं. "नाना, बठ्ठी दुनिया चालस आन एकच देश काबर नही?" नाना म्हणाले, "तिथे आपल्या रंगाच्या माणसाला वेगळ्या बाकावर बसवतात, भाऊ. ज्या पंगतीत आपल्याला वेगळं बसवतात तिथे आपला देश जेवायला जात नाही." व्यापाऱ्यानं पासपोर्ट खिशात घातला. नाना मात्र तो गेल्यावर बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग हळूच म्हणाले, "आपल्या गावच्या पंगतींचं काय, हे त्यानं विचारलं नाही ते बरं झालं."

असे नाना. आणि त्यांच्या शेजारच्या टेबलावर मी : खान्देशाच्या दुसऱ्या टोकाच्या नशिराबादची लेक, धुळ्याची सून, बी.ए. पास, आणि रहस्यकथा वाचून वाचून डोक्याचा भुगा झालेली. ऑफिसात मी अगदी छापील मराठी बोलायची. माहेरची बोली तोंडातून निसटू नये म्हणून शब्द चघळून चघळून बाहेर काढायची. शिपाई मला मागे 'आकाशवाणी' म्हणत, हे मला निवृत्तीच्या दिवशी कळलं.

ऐंशीच्या दशकातला तो उन्हाळा. आखाजी पंधरवड्यावर आलेली. आमच्या खान्देशात आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण खरी ओळख अशी की लग्न झालेल्या लेकींनी माहेरी यायचा सण. भाऊ आणायला जातो, झाडांना झोके बांधतात, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस. नाना त्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये होते. टेबलापुढे पन्नाशीची एक बाई येऊन उभी राहिली. सुती सलवार-कमीज, डोक्यावर ओढणी, हातात कापडी पिशवी. पासपोर्ट पाकिस्तानचा, पत्ता कराचीचा, नाव जैबुन्निसा. व्हिसा एक महिन्याचा, आणि गावाच्या जागी एकच नाव : धुळे.

मी पाणी विचारलं नाही. खुर्चीकडे बोटसुद्धा केलं नाही. सरळ विचारलं, "येण्याचा उद्देश?"

बाई हसली. "आखाजीले वनू, बेटी. मन्ही मायले भेटाले."

माझ्या हातातलं पेनच थांबलं. कराचीची बाई आणि अहिराणी! ती सुद्धा कशी, तर माझ्या सासूबाईंपेक्षा ठसकेबाज. मी उर्दूची तयारी करून बसले होते. दोन प्रश्न वाकडे टाकून बघितले, तिनं दोन्हींना अहिराणीतच फोडणी दिली. दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यात जन्म. बाप पिंजारी, गावभर कापूस पिंजून गाद्या-उशा भरून देणारा. अठराव्या वर्षी निकाह, नवरा मुंबईत, तिथून कराची. तेव्हापासून आईला पाहिलेलं नाही. भाऊ रज्जाक काल येऊन भेटून गेला, तो गावातच पिंजण चालवतो. आईचं खुब्याचं हाड मोडलंय, ती खाटेवरून उठत नाही. डॉक्टर म्हणालेत, हलवू नका.

"पण व्हिसावर तुमचं गाव नाही," मी म्हटलं. "फक्त धुळे शहर."

"पोऱ्यानी फारम भरा, बेटी. त्याले वाटनं, गाव धुळामाच शे."

मुलानं जिल्ह्याचं नाव लिहिलं, आणि सरकारनं ते शहराचं समजलं. आता आई साठ किलोमीटरवर आणि लेक चुलतभावाच्या घरी, धुळ्याच्या हद्दीत अडकलेली. गाव जोडून घ्यायचं तर अर्ज वर पाठवायचा, तिथून परवानगी यायची. बाईनं अर्जावर अंगठा नाही, सही केली; मराठीत. शाळेत चौथीपर्यंत शिकली होती.

मी तो अर्ज नानांकडे देऊन गप्प बसायला हवं होतं. पण माझ्यातला गुप्तहेर जागा झाला. मी अर्जाला स्वतःचं एक टिपण जोडलं. त्यातलं वाक्य मला आजही तोंडपाठ आहे, आणि आठवलं की अजून कानशिलं तापतात : 'सदर महिला स्थानिक बोली संशयास्पद अस्खलितपणे बोलते, तरी सखोल चौकशी व्हावी.' नाना केबिनमधून यायच्या आत सगळं डाकेत गेलंसुद्धा. माझ्या कार्यक्षमतेवर मीच खूश.

नानांनी संध्याकाळी प्रत वाचली. पुन्हा वाचली. मग चष्मा काढला.

"संशयास्पद अस्खलित," ते म्हणाले. "म्हणजे चौधरीबाई, जी बाई आपली भाषा मोडकीतोडकी बोलेल ती सज्जन. आणि आपल्यासारखी बोलेल ती हेर. मग उद्या तुमच्या सासूबाईंना उचलायला गाडी पाठवू का?"

"नाना, शिकवून पाठवलेली असू शकते..."

"अहिराणी? कराचीत? शिकवणी कोण घेतं, मला नाव सांगा, मी त्याचा सत्कार करतो!" सगळं ऑफिस हसलं. नाना हसले नाहीत. "अर्ज तीन आठवड्यांत फिरून आला असता. मी फोनवर मागे लागून पंधरवड्यात आणला असता. आता तुमच्या टिपणाचा अहवाल आल्याशिवाय वर कुणी सही करणार नाही. तिचा व्हिसा संपेल. त्या म्हातारीकडे पुढच्या खेपेपर्यंत दिवस आहेत का, ते तुम्हाला ठाऊक?"

मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "पाणी दिलंत का तिला?"

मी माठाकडे पाहिलं.

चौकशीला दोंडाईच्याचा हवालदार गावात गेला. त्याचा अहवाल मी नंतर पाहिला. सरकारी कागदावर इतका आनंद मी दुसऱ्यांदा पाहिला नाही. गावच्या पोलीस पाटलांनी, ज्यांना सगळे आबा म्हणत, जबाब दिला होता : बाई या गावचीच, नाही म्हणणारा एकही माणूस गावात नाही. लहानपणी आबांच्याच झाडाच्या कैऱ्या चोरताना फांदीसकट खाली पडली होती, डाव्या कोपरावर खूण आहे. तिच्याच वयाच्या एका बाईनं सांगितलं होतं, माझ्या लग्नात हळदीला तिनंच पाटा धरला. हवालदारानं खाली प्रामाणिकपणे नोंदवलं : 'बालपणीच्या कैऱ्यांच्या चोरीखेरीज आक्षेपार्ह काही आढळले नाही.'

अहवाल आला खरा, पण दिवस गेले होते. तो वर पोचून परवानगी खाली यायला जितका वेळ लागणार, त्याच्या आत जैबूबाईंचा व्हिसा संपत होता. ती दर दोन दिवसांनी यायची. आता मी धावत जाऊन पाणी द्यायची, खुर्ची पुसून द्यायची. ती बसायची, ओढणीनं घाम टिपायची, विचारायची, "वना का वं कागद?" मी नाही म्हणून मान हलवायची. ती कधी रागावली नाही. तेच माझा जीव खायचं.

आखाजीच्या चार दिवस आधी मला राहवलं नाही. नाना जेवायला गेलेले. मी तिच्याकडे वाकून म्हटलं, "बाई, सकाळच्या एसटीनं जा. आईला भेटा, संध्याकाळी परत या. तुमची हजेरी माझ्याच रजिस्टरला आहे. मी काही पाहिलं नाही."

दहा दिवसांपूर्वी जिला हेर ठरवलं, तिलाच मी आता नियम मोडायला सांगत होते. माझ्या देशभक्तीला मधलं असं काही ठाऊकच नव्हतं.

जैबूबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. "नही, बेटी. मी चोरीछुपे जावाव नही. मी लेक शे, चोर नही. माले माहेरले पुढला दारथून जानं शे." मग थोडं थांबून, जणू मला समजावं म्हणून, जरा सावकाश म्हणाली, "मी धरायनू तं रज्जाकले ठाण्यात बसाडतीन. तुन्ही नोकरी जाई. आन पुढला साल कोनी दुसरी बाई फारम भरी, तिले म्हनतीन, नही, मागला टाइमले एक बाई खोटं वागनी."

दोन देशांमधला विश्वास म्हणजे काय, यावर मोठी माणसं मोठ्या टेबलांभोवती बसून बोलतात. आईसाठी तीस-पस्तीस वर्षं झुरलेली बाई तो माझ्या टेबलापुढच्या खुर्चीत बसून सांभाळत होती, आणि तिला शपथ द्यायला कुणी आलं नव्हतं.

मी हे नानांना सांगितलं, माझ्या सल्ल्यासकट. ओरडा खायची तयारी होती. नाना फक्त म्हणाले, "दोंडाईच्याला फोन लावा. पोलीस पाटलांना निरोप द्या, कागद आखाजीपर्यंत येत नाही. आणि बाई काय म्हणाल्या ते शब्दाला शब्द सांगा. तुमच्या छापील मराठीत नको."

आखाजीच्या दिवशी सुट्टी होती, पण नानांनी मला बोलावून घेतलं होतं. का ते सांगितलं नव्हतं. जैबूबाई आणि चुलतभाऊ आधीच बसलेले. अकराच्या सुमारास फाटकातून ट्रॅक्टर आत आला. मागे ट्रॉली, तिच्यावर कडुलिंबाच्या फांद्यांचं छत, बाजूंना ओली गोणपाटं. आणि आत कापूस. कडांपर्यंत भरलेला, पिंजलेला, पांढराशुभ्र कापूस. त्याच्या मधोमध, घरट्यात पाखरू असावं तशी, एक मूठभर म्हातारी.

रज्जाकनं दोन दिवस पिंजण थांबवलीच नव्हती. घरोघरी जो कापूस विकायचा राहिला होता तो लोकांनी आणून टाकला. खालून गवत, वर कमरेएवढा कापूस, त्यावर चादर. दोंडाईच्याच्या डॉक्टरनं आधी येऊन हातानं दाबून पाहिलं होतं आणि मगच हो म्हटलं होतं. आदल्या रात्री निघालेला ट्रॅक्टर बैलगाडीच्या वेगानं साठ किलोमीटर आला. म्हातारी म्हणाली, "एक बी धक्का लागना नही. मन्हा पोऱ्यानी माले ढगवर बसाडीसन आनं."

आबा ट्रॅक्टरवरून उतरले. पांढरी टोपी, पोलीस पाटलाचा बिल्ला मुद्दाम लावलेला. नानांना रामराम करून म्हणाले, "लेकले गावमा लई जाता येत नही ना? तं आमी गावच लेककडे लई वनूत."

जैबूबाई ट्रॉलीच्या चाकावर पाय देऊन चढली. पन्नाशीची बाई, कैरीच्या झाडावर चढावं तशी. कापसात गुडघे बुडवून आईपर्यंत गेली. त्यानंतर बराच वेळ आम्हाला फक्त लिंबाच्या फांद्या दिसत होत्या. बरोबर आलेल्या सात-आठ बायका पदराचा बोळा तोंडात धरून उभ्या. रज्जाक ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून पाठमोरा.

तेवढ्यात साहेब बंगल्यावरून आले. मोठे साहेब, परप्रांतातले, शिस्तीचे. "हे काय चाललंय?"

नाना सावधान उभे राहिले. "साहेब, परदेशी नागरिक नोंदलेल्या हद्दीबाहेर गेलेली नाही. बाहेरून आलेले सगळे भारतीय नागरिक आहेत. त्यांना धुळ्यात यायला परवानगी लागत नाही. रजिस्टर पूर्ण आहे."

साहेबांनी ट्रॉलीकडे पाहिलं. वाऱ्यानं कापसाचा एक पुंजका उडून त्यांच्या खांद्यावर बसला. त्यांनी तो झटकला नाही. म्हणाले, "माठात पाणी आहे ना?" आणि आत निघून गेले.

मग म्हातारीचा आवाज आला, बारीक पण हुकमाचा. "आखाजी शे. झोका कोठे शे?"

आबांनी ट्रॅक्टरचा दोर सोडला. ऑफिसच्या आवारातल्या लिंबाला, ज्याखाली एरवी जप्तीच्या सायकली उभ्या असत, झोका बांधला गेला. बायकांनी जैबूबाईंना ढकलत नेऊन बसवलं. गावाहून बरोबर आणलेल्या खाटेवर उतरवलेल्या आईच्या समोर ती झोके घेऊ लागली, आणि बायका माहेरवाशिणीची गाणी म्हणू लागल्या. मग त्यांच्यातल्या एकीनं माझा हात धरला. "तू बी कोनी तरी लेकच शे ना? चाल, झोका दे." पोलीस ऑफिसच्या आवारात, कार्यालयीन शिस्तीला साक्ष ठेवून, मी एका परदेशी नागरिकाला झोके दिले. गावाहून आलेली खापरावरची पुरणपोळी आणि रस नानांच्या टेबलाभोवती बसून सगळ्यांनी खाल्ला.

ती ठरल्या तारखेला गेली. निघण्याची नोंद मीच केली. परवानगीचा कागद त्यानंतर तीन आठवड्यांनी आला : गावाचं नाव जोडण्यास हरकत नाही. नाना म्हणाले, "फाईलला लावा." मी म्हटलं, "नाना, एक प्रत मी नेऊ का? गावात, त्यांच्या आईला दाखवायला?" त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "रजेचा अर्ज द्या," ते म्हणाले.

दोंडाईच्याला उतरून टांग्यानं गेले. रज्जाकचं घर दोन खोल्यांचं, ओसरीवर पिंजणीची तात, कापूस पिंजायची चिवट दोरी, लटकलेली. म्हातारी खाटेवर. तिला लांबचं दिसत नसे. मी छापील मराठीत सुरुवात केली, "आजी, तुमच्या मुलीच्या परवानगीसंदर्भात..." तिनं हात वर करून मला थांबवलं.

"तू कोनी पोर शे वं? तुन्ही बोली आठली, आमना गावनी नही."

मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सरकारी कामात, माझ्या तोंडून माहेरची बोली बाहेर पडली. "मी नशिराबादची हाये, आजी."

म्हातारी विचारात पडली. तिनं रज्जाककडे पाहिलं, आबांनी पाठवलेल्या माणसाकडे पाहिलं, आणि अगदी माझ्या टिपणातल्या सुरात म्हणाली, "नशिराबाद! म्हंजे बठ्ठी परदेशीच शे ही!"

सगळे खो-खो हसले. मी हातातला कागद उलगडून वाचायला लागले, तशी तिनं सुनेला हाक मारली. तांब्या आला. माठातलं पाणी, वर ओलं फडकं गुंडाळलेलं.

"पानी पे आधी," म्हातारी म्हणाली. "कागद मंग दखाड."